मामाचं शिसं

सत्यवान त्या दिवशी मालवणला गेला तो कोऱ्या सीडी आणायला. साल दोन हजार आठ, महाशिवरात्रीचा दिवस. बाजार अर्धाअधिक बंद होता. सगळा मुलूख कुणकेश्वरच्या जत्रेला लोटला होता. जामसंड्याकडे जाणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका दुकानात सीडी मिळाल्या. तारकर्लीच्या रस्त्याने मोटारसायकल हाकत तो परत निघाला तेव्हा दिवस बुडाला होता.

वाडीत पोचला तर एकाही घरात दिवा नाही. आई, मामी, शेजारीपाजारी, सगळे दुपारच्या गाडीनेच गेले होते. दुसऱ्या दिवशी अमावास्येचं समुद्रस्नान करून येणार होते. कुत्री तेवढी मागे राहिली होती. ती त्याला बघून उठली नाहीत.

आता इथे थांबून मामाचं सांगायला हवं. नाहीतर रात्रीचं कळणार नाही. आणि मधे कोणी मोबाईल काढू नका. फोटोचीच गोष्ट आहे.

सत्यवान हा शेवंतीचा मुलगा. बाप लहानपणी गेला. परशुराम हा शेवंतीचा भाऊ, म्हणजे सत्यवानाचा मामा. गळाने मासे मारणारा जुना माणूस. होडी एकच, कलंडू नये म्हणून बाजूला उलांडीचा ओंडका बांधलेली. मूलबाळ नाही. भाच्यावर जीव. भाचा कॉम्प्युटर शिकला आणि मालवणात एका फोटो स्टुडिओत कामाला लागला, तर मामा लोकांना सांगायचा, "आमचो सत्या माणसांका गळान धरता." म्हणजे फोटोत.

दोन हजार सातच्या पावसाळ्यानंतर समुद्राचा अभ्यास करणारे बाहेरचे काही लोक आले. त्यांनी हंगामापुरता सत्यवानाला घेतला. काम असं, की किनाऱ्याजवळच्या बुडालेल्या खडकांवर जायचं, बुडी मारायची आणि खालचे फोटो काढायचे. त्यांनी कॅमेरा दिला. एक जीपीएसचा डबा दिला. तो क्षणोक्षणी आपण कुठे आहोत ते टिपून ठेवी. आणि एक कांडी दिली, पेनाहून जाड. ती पाण्यात सोडली की खोली किती, पाणी किती गार, हे टिपी. रात्री घरी येऊन हे सगळं लॅपटॉपमध्ये उतरवायचं आणि स्क्रिप्ट चालवायची. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकदा लिहून दिलेले हुकूम. फोटो किती वाजता काढला ते ती बघे. त्या क्षणी डबा कुठे होता, कांडी किती खोल होती ते शोधी. आणि ते त्या फोटोच्या पोटात लिहून टाकी. वरून फोटो तसाच. माशाच्या पोटात काय आहे ते वरून दिसतं का? तसं. ज्या फोटोला जोड सापडायची नाही, त्यापुढे ती लिही, नोंद नाही.

पहिल्याच आठवड्यात सत्यवानाने डबा मधेच बंद केला होता. नकाशावरची रेघ तुटली. साहेबांनी चार लोकांत झापलं. ते त्याच्या मनात राहिलं.

दिवाळीनंतर एका पहाटे मामा म्हणाला, "चल, तुका एक जागा दाखवतंय."

आपल्याकडे गळवाल्यांचं एक असे. चांगलं खडप सापडलं, म्हणजे पाण्याखालचा तो खडक, तर त्याच्या दोन खुणा धरायच्या. किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका ओळीत आल्या की एक खूण. दुसरीकडच्या दोन ओळीत आल्या की दुसरी. दोन्ही जुळल्या तिथे नांगर टाकायचा. ही खूण बापाने मुलाला सांगायची. तीही एका वेळी अर्धीच. एक खूण या साली, दुसरी पुढच्या नारळी पुनवेला. मधल्या काळात पोराचं तोंड किती राहतं ते बघायचं.

होडी बरीच बाहेर गेली. मामाने वल्हं आत घेतलं.

"सत्या, तो डबो बंद कर."

"कित्याक, मामा?"

"ह्या खडपाक नाव नाय. नाव दिला काय लोक हाक मारूक लागतत. बंद कर मरे."

सत्यवानाने डबा पिशवीत घातला. "केलंय बंद."

डबा बंद नव्हता. त्याला ती तुटलेली रेघ आठवली, साहेबाचं तोंड आठवलं, आणि त्याने बटण दाबलं नाही. एवढंच.

"आता खाडयेपलीकडल्या डोंगराची खिंड बघ. बराबर तिच्याखाली कोण इलो?"

सत्यवानाने डोळे बारीक केले. "माड… मामा, हो तर आमचो माड!"

"तुझ्या आवशीच्या दारातलो. ही झाली एक. दुसरी पुनवेक."

मग मामाने शिसं सोडलं. ते शिसं तुम्ही पाहिलेलं नाही. नारळाच्या करवंटीत ओतून केलेलं, वर तीन खाचा, आणि बुडाला खळगा. त्या खळग्यात मामी, नर्मदा, कपड्याचा साबण चेपून द्यायची. शिसं तळाला लागलं की साबणाला तळाचं काय ते चिकटून येतं. वाळू आली तर चुकलो. त्या खडपाची तांबडी खर, म्हणजे बारीक चुरा, आली तर बरोबर. धुक्यात, काळोखात, खूण दिसत नसेल तेव्हाही जुनी माणसं असं शिसं टाकत टाकत घरी येत.

दोन्ही हात पसरून, एका पसऱ्याला एक वाव अशी दोरी मोजत मामा म्हणाला, "नऊ वाव. सोड तुझी कांडी, काय बोलता बघूया."

कांडीनेही तेच सांगितलं.

"शिकलेली दिसता," मामा म्हणाला.

त्या दिवशी मामाला मांडीएवढा गोबरा मासा लागला. तो दोन्ही हातांनी धरून मामा हसत होता, तेव्हा सत्यवानाने फोटो काढला. असा फोटो त्याच्या हातून पुन्हा निघाला नाही. रात्री स्क्रिप्टने सगळ्यांबरोबर त्याच्याही पोटात लिहिलं. जागा. खोली. त्याने वाचलं आणि पुसलं नाही. फोटो मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला. मामा बघायला आला. बराच वेळ बघत राहिला. "माज्यापरास मासो बरो दिसता," म्हणाला आणि गेला.

चार दिवसांनी स्टुडिओत एक माणूस आला. बाहेरचा. ट्रॉलर होते त्याचे. काचेतल्या फोटोकडे बघून म्हणाला, "हा तू काढलास? मालवणात असे कलाकार आहेत, आम्हाला ठाऊकच नाही." मग म्हणाला, "मूळ फाईल दे. बारीक केलेली नको, कॅमेऱ्यातली जशीच्या तशी."

जशीच्या तशी. सत्यवानाला तिथेच कळलं, हा काय मागतोय. हात थांबला. पण समोरचा अजून वाखाणत होता. दिली.

ट्रॉलरवाला खडपाला भितो. कुठे आहे ते नेमकं कळलं नाही तर जाळं फाटतं. एकदा कळलं की कडेकडेने ओढता येतं, अंडी-पिलासकट. महिन्याभरात तिथे काही राहिलं नाही. मामा रोज जायचा, रिकामा यायचा. एका संध्याकाळी तो बहिणीच्या ओट्यावर येऊन बसला. शेवंतीने चहा दिला. तो प्याला नाही.

"खूण माझ्या बापाशीन माका सांगल्यान," तो सत्यवानाला म्हणाला. "माका. दुसऱ्या कोणाक नाय. आणि तुका मी अर्धीच सांगलंय. अर्धे खुणेर जागा गावची नाय, सापडाची नाय. तेवा तुझ्यावर माझो संशय नाय, बाबू. तू मनाक लावन घेव नको."

सत्यवानाने गार झालेला चहा उचलून आत नेला.

त्याच रात्री मामा कंदील घेऊन एकटा खडपावर गेला. ट्रॉलर येतात कसे ते बघायला. शिसं कमरेला बांधलेलं मामीने बघितलं. ताजा साबण तिनेच भरला होता.

सकाळी उलांडीचा ओंडका तारकर्लीच्या वाळूत लागला. मधोमध तुटलेला. होडी नाही, माणूस नाही.

आठ होड्या निघायला तयार होत्या. पण जायचं कुठे? मामी सत्यवानाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"सत्या, तू जाय होतंस त्येंच्या वांगडा होडयेत. जागा खंयची, येवढा सांग."

आकडे त्याच्या लॅपटॉपमध्ये होते. ते सांगितले असते तर होड्या सरळ तिथे गेल्या असत्या. पण मग प्रश्न आला असता, हे तुझ्याकडे कसे? आणि त्याच्या मागून दुसरा.

"माका नाय म्हायत, मामी," तो म्हणाला. "अर्धीच खूण सांगल्यान. तेवढ्यार गावची नाय."

मामाचेच शब्द. मामी त्याच्याकडे बघत राहिली. मग वळली. होड्या दक्षिणेला शोधत गेल्या, तीन दिवस. काही मिळालं नाही.

"ह्येंचा काय्येक गावल्याशिवाय मी कुकू पुसूचंय नाय," मामी म्हणाली. बाराव्याचा विषय काढणाऱ्याला तिने दारात उभं केलं नाही.

हे झालं मार्गशीर्षात. पौषात सुरू झालं.

स्टुडिओतले फोटो सत्यवान त्याच लॅपटॉपवर ठेवी. एका रात्री स्क्रिप्ट चालवताना त्यात एका बारशाचे फोटो गेले. पाळणा, बाळ, आत्या. घरात काढलेले. डबा बंद, कांडी खणात. पुढे यायला हवं होतं, नोंद नाही. एका फोटोपुढे आलं, नऊ वाव. आणि खाली जागा. ती जागा.

चूक असेल म्हणून त्याने ते पुसलं. डब्यातून सेल काढून ठेवले. कांडी तांदळाच्या डब्यात पुरली. आठवड्याने शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो आले. एका मुलीच्या फोटोपुढे, आठ वाव. जागा थोडी सरकलेली. किनाऱ्याकडे. पुढे एका वाढदिवसाला साडेसहा.

त्याने नकाशा उघडून ठिपके मांडले. एकामागोमाग एक, आखल्यासारखे सरळ. त्या रेघेवर पट्टी धरून त्याने ती जमिनीवर ओढली. रेघ वाळू ओलांडून, वाडीतून, त्याच्याच दारातल्या माडावर आली आणि पलीकडे डोंगराच्या खिंडीत गेली.

मामा खूण धरून येत होता.

दुसऱ्या दिवशी सत्यवानाने माड तोडणारा बोलावला. शेवंती आडवी आली. "फळतो माड तोडतंस? तुका काय झाला काय रे?"

"भिंतीर पडात एखाद दिवस."

"चाळीस वर्षा नाय पडलो तो! माझ्या भावाची खूण ती. दर्यातसून माड दिसलो काय घर दिसता म्हणा होतो तो."

तोडणाऱ्याने कुऱ्हाड घालण्याआधी माडाला हात जोडले. सत्यवानाने जोडले नाहीत. संध्याकाळपर्यंत कमरेएवढा बुंधा उरला. वाडी बघायला आली आणि गेली. मामी शेवटी आली. बुंध्यावर हात ठेवून तिने समुद्राकडे बघितलं.

"आता ते येतले कसे रे?" एवढंच म्हणाली.

त्यानंतर नोंदी थांबल्या. स्टुडिओतल्या प्रत्येक फोटोपुढे, नोंद नाही. माघ असा गेला. सत्यवान जेवायला लागला, झोपायला लागला.

आता त्या रात्रीचं.

सकाळी अभ्यासवाल्यांची जीप येणार होती. हंगामाचे सगळे फोटो सीडीवर उतरवून द्यायचे होते. सत्यवानाने दार लावलं, ओट्याकडच्या खोलीत लॅपटॉप मांडला, शेवटची म्हणून स्क्रिप्ट चालवली. ओळी भराभर वर जाऊ लागल्या. फोटो, जागा, खोली. फोटो, जागा, खोली. तो जेवून आला. ओळी संपल्या होत्या. त्याने पहिली सीडी आत घातली.

एक ओळ आली.

फोटोचं नाव नाही. खोली, सहा वाव.

तो बघत राहिला. दुसरी ओळ यायला वेळ लागला. दोरी ओढून घ्यायला, पुन्हा फेकायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा.

साडेपाच.

त्याने नकाशा उघडला. ठिपका होता. पण रेघेवर नव्हता. उजवीकडे सुटलेला. पुढचा डावीकडे. मग परत उजवीकडे. काळोखात चाचपडणाऱ्या माणसासारखा. खूण हरवलेल्या…

पाच. साडेचार.

आणि मग त्याने बाहेर ऐकलं. लांब. लाटांच्या पलीकडे.

डुब्ब.

सत्यवानाने स्क्रिप्ट बंद केली. ओळ आली. लॅपटॉपची वायर काढली, पाठीतली बॅटरी काढली. पडदा काळा झाला. त्याने कपाळाचा घाम पुसला.

डुब्ब.

आता बघायला पडदा नव्हता. पण आवाजावरून कळत होतं. कोळ्याचाच तो पोरगा. खोल पाण्यात पडलेल्या शिशाचा आवाज वेगळा. उथळातला वेगळा.

तीन वाव. असतील.

दोन.

कुत्री गप्प. वारा पडलेला. मधे बराच वेळ काही नाही… त्याला वाटलं, गेला. चुकला आणि गेला. त्याला बरं वाटलं. तसं बरं वाटल्याचं त्याने नंतर स्वतः सांगितलं.

छप्प.

गुडघाभर पाणी.

छप्प.

मग पाण्याचा आवाज संपला. वाळूवर जड काहीतरी पडलं. धप्प. थांबलं. ओढल्याची सरसर. परत, धप्प. जवळ. इकडे नाही, शेजारच्या परसात. थांबलं. वळलं.

धप्प.

आपल्या कुंपणाशी.

सत्यवान दाराला पाठ लावून बसला होता. दाराखालच्या फटीतून वास आला. मासळीचा नाही. साबणाचा. कपड्याच्या साबणाचा.

"मामा," तो म्हणाला.

बाहेर काही नाही.

"मामा… डबो बंद नव्हतो."

काही नाही.

"मी… फाईल मीच दिलंय. जागा माका म्हायत होती. मामीन इचारल्यान तेवा… माका म्हायत होती…"

काही नाही. खूप वेळ.

मग एकदाच, लाकडावर.

ठक्क.

तेवढंच. पाऊल नाही, सुस्कारा नाही. तो तसाच बसून राहिला. उजाडलं. जीप आली, हॉर्न वाजवला, कोणी दार उघडेना म्हणून गेली. सत्यवान उठला नाही.

ऊन वर आल्यावर कुणकेश्वरचे लोक आले. ओल्या लुगड्यांची बोचकी डोक्यावर घेऊन बायका वाडीत शिरल्या. शेवंतीने दार वाजवलं, त्याने उघडलं. तिच्या मागे मामी होती. ती दारापर्यंत आली नाही. बुंध्यापाशीच थांबली.

माडाच्या पांढऱ्या कापावर शिसं ठेवलेलं होतं. करवंटीतलं. वर तीन खाचा. दोरीचा वीतभर तुकडा, भिजलेला.

मामीने ते उचललं नाही. नुसतं कलतं केलं आणि बूड बघितलं. खळग्यात साबण होता. तिच्याच अंगठ्याचा ठसा कडेला. आणि साबणात चेपून बसलेली तांबडी खर.

ती खर तिने लग्नापासून धुतली होती. नवऱ्याच्या शिशाची, दर खेपेला.

सत्यवान ओट्याच्या पायरीवर उभा होता. "मामी, माका तुका सांगूचा आसा… जागा…"

"जागा त्येंनी सांगल्यानी," मामी म्हणाली. "तू नाय सांगलंस."

तिने तिथेच बुंध्यावर बांगड्या फोडल्या. आवाज सगळ्या वाडीने ऐकला. पळसाच्या पानांचा माणूस करून त्या दिवशी परशुरामाला अग्नी दिला. खांदा द्यायला भाचा पुढे झाला, तर मामीने हाताने बाजूला केला.

सत्यवानाने आकडे सांगितले. होड्या गेल्या. खाली उघडं खडप होतं, नांगरल्यासारखं ओरबाडलेलं. बाकी काही नाही. दोन आठवड्यांनी तो गोव्याला गेला. तिथे तो काय करतो ते आईलाही सांगत नाही. हे सगळं त्याने जाण्याआधी एकदाच सांगितलं, खाली मान घालून.

शिसं तिथेच आहे. मामी कोणाला उचलू देत नाही. दोन पावसाळे गेले, दोन वैशाख गेले. माडाचा बुंधा वाळून चिरला, त्यात वाळवी शिरली.

साबण अजून वाळलेला नाही.